मधली फट

आंतरकॉलेज बास्केटबॉलची फायनल होती, काही सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. सगळ्यांचे डोळे बॉलवर होते. पंच बाई मात्र बास्केटमागच्या रेषेवरून दोन पावलं सरकून रेषेबाहेर उभ्या असलेल्या माझ्या, राखीव खेळाडूच्या, शेजारी आल्या. तिथून बॉल घेतलेली आमची कॅप्टन नेहा आणि तिला अडवणारी मुलगी यांच्यामधली फट दिसत होती.

नेहा बास्केटसाठी उडी मारताना पडली आणि नेम हुकला. फाउलची शिट्टी वाजली नाही. आम्ही हरलो.

"मॅडम, चष्मा घरी राहिला का?" मुली ओरडल्या.

नीट दिसायला आधी नीट उभं राहावं लागतं, हे बाईंच्या पायांना ठाऊक होतं.

नेहा माझ्याकडे वळली. "तू इथेच होतीस. ढकललं ना तिने मला?"

"नाही गं," मी हळूच म्हटलं, "मध्ये चार बोटांचं अंतर होतं."