सड्यावरून दिलेला खांदा

मागच्या रविवारी देवगडच्या बाजूला समुद्राच्या कडेनं चालत होतो. मी आणि माझा मित्र दस्तगीर, दोघंच.

आमचं हे वेड कोरोनानंतरचं. पहाटे कोल्हापुरातून निघायचं, फोंडा घाट उतरायचा, एखाद्या गावात गाडी लावायची आणि किनाऱ्यानं दिवसभर पायी हिंडायचं... माझं राजारामपुरीत मेडिकल आहे, दस्तगीरचे इचलकरंजीत माग. आठवडाभर कानात खडखडाट असतो त्याच्या, त्यामुळे चालताना तो फारसा बोलतच नाही.

तिथली वाट म्हणजे नुसती वाळू नव्हे. पुळण संपली की कडा चढायचा, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा... वाळलेलं गवत, एकही झाड नाही, खाली लाटा आपटत असतात. मग परत पलीकडच्या वाडीत उतरायचं.

दुपारी असेच एका छोट्या वाडीत उतरलो, तर माडांखाली तिरडी बांधून ठेवलेली. शेजारी बायका बसलेल्या, पांढऱ्या कपड्यातला एक तरुण आणि तीन-चार म्हातारी माणसं. आम्ही टोप्या काढून बाजूला उभे राहिलो.

त्यातले एक काका आमच्याकडे आले. ते गेलेल्या बाईंचे दीर. "खयसून इलात?" त्यांनी विचारलं, आणि कोल्हापूर म्हटल्यावर सगळं सांगितलं...

स्मशान कड्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. एरवी वाळूवरूनच नेतात. पण मुलगा मुंबईहून पोचेपर्यंत थांबले, तोवर भरती आली आणि कड्याखालची वाट पाण्यात गेली. आता न्यायचं तर सड्यावरूनच, आणि अंधार पडायच्या आत. वाडीतली धडधाकट माणसं मुंबईला, उरलेली बोटींवर. मुलाच्या हातात मडकं, त्यामुळे खांद्याला ही म्हातारी मंडळीच.

"माणसा कमी पडतत," काका म्हणाले. "खांदो देशात?"

"देतो की," दस्तगीर म्हणाला. "पण काका, मी मुसलमान हाय. तुमच्यात काय असंल तर आधी सांगा."

काकांनी त्याला खालून वर बघितलं. "तुमी उंच आसात," ते म्हणाले. "चढाक मागे रवा."

दस्तगीरनं बूट काढून ठेवले. ते सगळे अनवाणी होते म्हणून. मग मीही काढले.

तो चढ मी आयुष्यात विसरणार नाही. पाय ठेवायला जेमतेम जागा, दगड तापलेला, आणि चढावर सगळं वजन मागच्या दोघांवर येतं. पुढे काका आणि त्यांचे एक शेजारी, मागे आम्ही. बाई अगदी हलक्या असाव्यात... तरीही खांदा भरून आला.

सर्वात पुढे मुलगा. सड्यावर वारा इतका, की मडक्यातला विस्तव विझू नये म्हणून तो पाठ वाऱ्याकडे करून तिरका तिरका चालत होता.

मध्ये विसाव्याला तिरडी खाली टेकवली. तिथं माझ्या जागी दुसरे एक आजोबा आले. दस्तगीरलाही कुणीतरी म्हणालं, आता आम्ही धरतो. "ऱ्हाऊ द्या," तो एवढंच म्हणाला... आणि खाडीपर्यंत त्यानं खांदा सोडला नाही.

अग्नी दिल्यावर दस्तगीर लांब एका खडकावर जाऊन उभा राहिला. पायातून रक्त येत होतं. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, तर म्हणाला, "बस जरा."

त्याची अम्मी कोरोनात गेली हे मला माहीत होतं. तेव्हा फोनवर बोललोही होतो. पण नेमकं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"हॉस्पिटलातनं परस्पर नेली," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "आम्ही गेटाबाहेर हुतो. गाडी गेलेली बघितली, बास." बाटलीतलं पाणी त्यानं पायांवर ओतलं. "चार पोरं आम्ही तिला. एकाचाबी खांदा लागला न्हाय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. तो रडला... इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर.

परत वाडीत आलो, विहिरीवर हातपाय धुतले. शेजारच्या घरातून कोरा चहा आला. निघताना मुलगा आमच्याजवळ आला. त्यानं दस्तगीरचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "तुम्ही नसतात तर आईला एवढ्या चढावरून नेता आलं नसतं. बाराव्याला या."

दस्तगीरनं त्याच्या आईचं नाव विचारलं. सुमती.

पुढचं चालणं त्या दिवशी झालं नाही. सावकाश गाडीपर्यंत आलो आणि घाट चढून घरी.

काल दस्तगीरचा फोन आला. "बाराव्याला निघालोय, येतोस न्हवं?" मेडिकल एक दिवस बंद ठेवणार आहे.

वाडीतली माणसं सारखी म्हणत होती, तुमची मोठी मदत झाली. ते ऐकताना संकोच वाटत होता... आमच्यातला एकजण त्या चढावर इतक्या वर्षांचं ओझं घेऊन चालला होता, हे त्यांना कुठं माहीत. दोन अनोळखी वाटसरूंना आपल्या माणसाच्या शेवटच्या वाटेवर बोलावून घेणाऱ्या त्या काकांचे आभार कसे मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.