जपलेलं फाटक

आमची रेल्वे लाईन इंग्रजांच्या काळातली नाही. देश स्वतंत्र होऊन कितीतरी वर्षं लोटली तरी पेणहून रोह्याला जाणारा माणूस एसटीच्या पत्र्यावर डोकं आपटतच जात होता. लाईन आली तेव्हा मला मिसरूड फुटलेलं होतं. आमच्या खाडीकाठच्या खारातल्या शेतावर भरावाची पहिली माती पडली, ती मी बांधावर उभा राहून पाहिली आहे. म्हणून पुढे साहेब लोक तिला 'ऐतिहासिक लाईन' म्हणायला लागले तेव्हा मला हसू यायचं. मी तिच्यापेक्षा जुना. मला कुणी रंग दिला नाही.

जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. पेण सोडून रोह्याच्या बाजूला निघालं की खाडीकडच्या गावांसाठी लाईनीवर काही फाटकं होती, त्यातल्या आमच्या गावाच्या फाटकावर मी गेटमन झालो. गाव खाडीच्या अंगाला. मागे भातशेती, त्याच्या मागे मिठागरं, त्याच्या मागे धरमतरची खाडी. डांबरी रस्ता, शाळा, बाजार, दवाखाना, स्मशान हे सगळं लाईनीच्या पलीकडे. जगात जायचं तर गावाला माझ्या समोरून जावं लागायचं. मला याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

रेल्वेत घेतल्यावर रोह्याला थोडे दिवस शिकवलं. तिथे एक म्हातारे साहेब होते. ते म्हणाले होते, "फाटक जितकं कमी उघडशील तितका सुखानं निवृत्त होशील." मी खूणगाठ बांधली. नियम असा होता की फाटक नेहमी बंद. बैलगाडी, टेम्पो, ट्रॅक्टर आला की पेणच्या स्टेशन मास्तरांना फोन करायचा. लाईनीवर गाडी नसेल तर ते एक नंबर सांगायचे. तो नंबर, वेळ आणि कोणतं वाहन ते वहीत लिहायचं, आणि मगच फाटक उघडायचं. बंद केलं की परत फोन. चालत जाणाऱ्यांसाठी बाजूला एका माणसापुरती लोखंडी फिरकी होती. तिला फोन नको, नोंद नको.

एवढा उपद्व्याप रोज कशाला, म्हणून मी गावाला वळण लावलं. टेम्पो पलीकडे रस्त्यावर उभा करायचा आणि माल डोक्यावरून फिरकीतून आणायचा. तांदळाची पोती, विटा, पत्रे, गणपतीच्या मखराचं सामान, सगळं. मिठाची पोती इकडून तिकडे तशीच जायची. "चार पोत्यांसाठी फाटक उघडायचं काय?" असं मी दरडावलं की लोक ऐकायचे. मी गावचाच होतो आणि वर अंगावर रेल्वेचे कपडे होते. बाहेरून येणारे टेम्पोवाले शिव्या घालत परतायचे. मी त्यांना म्हणायचो, घाला, शिव्यांची नोंद वहीत नसते.

बायको माझ्या वरताण होती. ती मिठागरावर काम केलेली, तिला कुणाची भीती नव्हती. ती डबा घेऊन यायची आणि फाटकावर हात ठेवून बोलायची.

"तुमचा फाटक हाय का तुरुंग? बायांच्या माना मोडल्या."

"नियम आहे."

"नियम तुमीच केलाव. बरं, इतकी मानसं जातान, ती तरी लिवा वहीत."

"वहीत चाकं लिहितात, माणसं नाही."

ती हसायची. "मंग मानूस मेला की?"

मेलेल्या माणसासाठी मात्र मी कधी अडून बसलो नाही. तिरडी फिरकीतून जायची नाही. लांबून ती दिसली की मी न सांगता फोन लावायचो, नंबर घ्यायचो, दोन्हीकडची फाटकं सताड उघडायचो आणि टोपी काढून उभा राहायचो. पण वहीत वाहनाच्या रकान्यात लिहायचं काय? तिरडीला चाकं नसतात. मी तिथे आडवी रेघ मारायचो.

अशा माझ्या वह्या भरत गेल्या. म्हणजे खरं तर भरल्या नाहीत, पानंच्या पानं कोरी गेली. तपासायला येणारे साहेब खूश असायचे. एकदा रोह्याला बोलावून माझा सत्कार केला, नारळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. ते मी फ्रेम करून घरात देवाच्या वर लावलं. बायको म्हणाली, "देवाच्या खाली लावा, त्याला तरी मान द्या." मी ऐकलं नाही.

मग दुसरी लाईन टाकायचं निघालं. वरून विजेची तार येणार, गाड्या वेगाने धावणार, म्हणून फाटकं नकोत. वाईट काही नव्हतं त्यात. एकेरी लाईनीवर लोकांनी तासन् तास क्रॉसिंगला बसून काढले होते. कुठलं फाटक बंद करायचं, कुठे पूल बांधायचा, हे ठरवायला साहेब आले. वरचेवर वाहनं जातात तिथे पूल, जात नाहीत तिथे फाटक कायमचं बंद. त्यांनी माझ्या वह्या मागितल्या. मी त्या कापडात बांधून ठेवलेल्या, एकही पान फाटलेलं नाही. साहेबांनी पानं उलटली, आणखी उलटली, आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "हे फाटक कुणी वापरतच नाही."

मी शेजारी उभा होतो. त्या क्षणी फिरकीतून तीन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. साहेबांनी त्यांना पाहिलं, मीही पाहिलं. साहेब म्हणाले, "बरोबर ना?" मी म्हणालो, "साहेब, वहीत आहे ते बरोबर आहे."

यापेक्षा मोठं पाप माझ्या हातून घडलेलं नाही. तेव्हा ते पाप वाटलंही नव्हतं. कागद चोख आहेत याचाच आनंद झाला होता.

लवकरच मी निवृत्त झालो आणि फाटकही. लाईनीच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत आली. गावाला जाण्यायेण्यासाठी लांब तिकडे लाईनीखालून भुयारी रस्ता काढला. गाव त्याला मोरी म्हणतं, कारण पावसाळ्यात त्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाऊस नसतानाही खाडीचं पाणी चढायचं. गावातले लोक पेणला कचेरीत निवेदन घेऊन गेले. मला म्हणाले, तुम्ही चला, तुम्ही सांगितलंत तर साहेब ऐकतील की इथून इतके लोक जात होते. मी म्हणालो, वहीवर सही माझी आहे, मी माझ्याच सहीविरुद्ध कसा बोलू? ते माझ्याशिवाय गेले. त्यांना माझ्याच वह्या दाखवून परत पाठवलं.

गावानं मला वाळीत टाकलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. फक्त पारावर मी गेलो की बोलणं हवापाण्यावर यायचं.

अशात एक तरुण साहेब आला. बाहेरगावचा, भला माणूस, मला काका म्हणायचा. त्याच्या मनात होतं की नवी लाईन होताना जुन्या लाईनीची काहीतरी आठवण राहावी. माझी केबिन आणि ती दोन लोखंडी फाटकं भंगारात न घालता जागच्या जागी जपायची असं त्यानं वरून मंजूर करून आणलं. तेवढ्या जागेत भिंत घालायची राहिली होती, ती घातलीच नाही. आणि ते सगळं पूर्वी होतं तसं लावून द्यायला त्याला माणूस हवा होता.

मी नवरदेवासारखा तयार झालो. रोह्याच्या जुन्या सामानातून हातबत्ती आणली, चावी फिरवून लावायचा काळा फोन आणला. बत्तीचं पितळ मी चिंच आणि राख लावून आठ-आठ दिवस घासलं. बायको म्हणाली, "घरातली समई काली पडली ती दिसत नाय." फाटकाची गंजलेली बिजागरी तेल पाजून पाजून अशी केली की एका बोटाने फिरावी. तरुण साहेब म्हणाला, "काका, हे चालू स्थितीतच ठेवू. आतून कुलूप लावू. किल्ली तुमच्याकडे राहील, लोकांना चालवून दाखवता येईल."

मी नको म्हणालो. किल्ली माझ्याकडे म्हणजे रोज दारात माणूस, आज याची पोती, उद्या त्याची मोटरसायकल. शिवाय पोरं झोके घेणार. मी म्हणालो, "साहेब, दोन्ही फाटकं वेल्डिंग करून टाका आणि फिरकीही. सुरक्षित राहील." त्याला पटलं नव्हतं, पण अनुभवी माणूस म्हणून त्यानं माझं ऐकलं. वेल्डिंग झालं त्या दिवशी शेवटची ठिणगी विझेपर्यंत मी तिथे उभा होतो. उद्घाटनाला हार घातला. शाळेची मुलं आली, मी त्यांना फोन कसा करायचो ते दाखवलं. बायको आली नाही.

ती आजारी पडली ती पावसाळ्याच्या मध्यावर, अमावास्येच्या उधाणात. सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या छातीत कळ आली, घाम सुटला, बोलणं तुटक झालं. शेजाऱ्यानं फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली. ती पेणहून लगेच आली, पण पलीकडे. मोरीत छातीभर पाणी. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, इकडे आणा, मी फाटकापाशी उभा राहतो.

शेजारी आणि आणखी तिघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. भिंतीत वाट एकच, मी जपलेल्या फाटकाची. तिथे पोचलो. फाटक छातीएवढं, तिला खुर्चीसकट वरून उचलून पलीकडे द्यायचं, दोन रूळजोड्या ओलांडायच्या, पुन्हा तसंच दुसरं फाटक. पलीकडे अॅम्ब्युलन्सचं दार उघडं दिसत होतं. तिनं फाटकाच्या गजाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उगडा."

तेवढ्यात पेणच्या बाजूला भोंगा वाजला.

"दादा, लांब हाय अजून," शेजारी म्हणाला. "आमी चौघं हाव. झटक्यात नेतो."

मी हात वर केला. "गाडी येतेय, थांबा."

हा आवाज मी विसरलो नव्हतो, तेही विसरले नव्हते. त्या आवाजाला गाव इतकी वर्षं थांबत आलं होतं. त्यांनी खुर्ची खाली ठेवली.

मालगाडी आली. ती संपेना. डब्यामागून डबा, कोळशाची धूळ आमच्या तोंडावर. शेवटचा डबा जातोय तोवर शेजारी खुर्चीला हात घालायला वाकला, पण मी हात खाली घेतला नाही. मालगाडीच्या आड दुसऱ्या लाईनीवर काय आहे ते दिसत नसतं. आणि खरंच, रोह्याकडून पॅसेंजर आली आणि धडधडत गेली. मी थांबवलं नसतं तर कदाचित पाचही जण गेले असते. किंवा भोंगा वाजला तेव्हाच उचललं असतं तर दोन्ही गाड्यांच्या आधी ते निवांत पलीकडे पोचले असते. मी रोज मनात अंतर मोजतो, चालणाऱ्यांचा वेग धरतो, आणि रोज उत्तर वेगळं येतं. एवढं खरं की फाटक उघडत असतं तर हा हिशेबच करावा लागला नसता.

त्यांनी तिला दोन्ही फाटकांवरून नेलं. तोवर तिची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. गाडीत मी तिचा हात धरून बसलो. वाटेत तिनं डोळे उघडले नाहीत.

पेणच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, नव्याच आलेल्या. त्यांनी बरीच धडपड केली. मग बाहेर येऊन बाकावर आमच्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं, बाबा. गाव तर जवळच आहे. उशीर कशामुळे झाला?"

मी म्हणालो, "फाटक बंद होतं."

"मग गेटमनला हाक मारायची ना."

शेजारी उठून दाराकडे निघून गेला.

"मारली होती," मी म्हणालो. "तो म्हणाला, गाडी येतेय, थांबा."