कोत द्यु रोन आणि अख्खा मसूर

कुसुम आगाशे यांनी उभा जन्म कॉलेजात फ्रेंच शिकवलं, पण फ्रान्स काही पाहिलं नाही. पुस्तकात हॉटेलातल्या जेवणाचा एक धडा होता. माशाबरोबर पांढरी वाइन, भाजलेल्या कोंबडीबरोबर लाल, असं वाढपी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. बाई तो इतक्या रंगून शिकवायच्या की मुलांना वाटायचं, बाई दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन येतात. बाईंनी तो समज कधी मोडला नाही. घरात अंडंसुद्धा येत नव्हतं.

त्यांची एक विद्यार्थिनी, स्वराली, आता फ्रान्समध्ये लिओंला नोकरी करते. यंदा एप्रिलमध्ये ती वारज्याला आईकडे आली आणि तिनं बाईंना आणि त्यांचे यजमान दीनानाथ यांना जेवायला बोलावलं. पानं मांडल्यावर तिनं फ्रीजमधून एक बाटली काढली.

"मॅडम, ही कोत द्यु रोन, तिकडची लाल वाइन. भारी वगैरे काही नाही हं. तिकडे वाण्याकडून पाव आणतात ना, त्याच पिशवीतून हीसुद्धा घरी येते. आपल्या उन्हामुळे जरा गार केलीय."

"आणि खायला?" बाईंनी शिक्षिकेच्या सुरात विचारलं.

"अख्खा मसूर. तिकडे हिच्याबरोबर मसूर आणि सॉसेज खातात, आपण सॉसेज वगळू. शिवाय मंडईतली वांगी, भरून. तिखट मात्र बेतानं घातलंय. मिरची जास्त झाली की ही कडू लागते."

दीनानाथांनी ग्लासावर हात ठेवला. "मला नको. मला डॉक्टर पाणीसुद्धा मोजून देतात." त्यांचं दिवसाआड डायलिसिस चालू होतं.

बाईंनी घोट घेतला. आधी जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ तुरट झाली, मग मिरपुडीसारखं काहीतरी मागून आलं. गोडीचा लवलेश नव्हता. कोरडी वाइन म्हणतात ती ही! हा शब्द त्यांनी किती मुलांकडून घोकून घेतला होता. मसुराचा घास घेऊन त्यांनी दुसरा घोट घेतला, तेव्हा तुरटपणा कुठल्या कुठे गेला आणि मसूरही जास्त खमंग लागला. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं मॅडम? तुम्ही तर तिकडे कितीदा प्यायला असाल."

"मी कधी गेलेच नाही गं."

स्वरालीचा चमचा हातातच राहिला. मग बाईंनी सांगितलं. तरुणपणी लिओंच्याच एका प्रशिक्षणासाठी त्यांची निवड झाली होती, सहा महिन्यांसाठी. "पण नेमकं सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मग कशी जाणार?"

हे कारण त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. दीनानाथ आजवर ऐकून घ्यायचे. आज का कोण जाणे, ते बोलले.

"आई तर म्हणाली होती, जाऊ दे तिला, मी एका डोळ्यानं घर सांभाळीन."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. खरंच म्हणाल्या होत्या सासूबाई. पासपोर्टसुद्धा तयार होता. भीती वेगळीच होती. तिथला एखादा वाढपी भरभर बोलेल, आपल्याला ओ की ठो कळणार नाही, आणि सगळ्यांसमोर उघडं पडेल की बाईंचं फ्रेंच पुस्तकातलं आहे. त्या भीतीला सासूबाईंचा डोळा बरा सापडला.

"मीच घाबरले होते," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच त्यांच्यावर ढकललं."

स्वरालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "मग आता चला ना मॅडम. माझ्याकडे राहा. ऑक्टोबरमध्ये तिकडे फार छान असतं. मी आहे, कुणी भरभर बोललं तरी काय बिघडतं?"

बाईंनी दीनानाथांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सुयांच्या जागा काळ्यानिळ्या पडल्या होत्या.

"नाही जमायचं गं," त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात दीनानाथ म्हणाले, "जाऊन ये. मी बघेन माझं. शेजारचा संपत नेईल दवाखान्यात."

"अहो, तुम्हाला सोडून मी जाईन?"

"मागच्या वेळीही कुणी अडवलं नव्हतं."

"आठवतंय. पण या वेळी कारण खरं आहे हो," बाई म्हणाल्या, आणि पुलावरून जाताना बाहेर बघत बसल्या.