मोठ्या बाईंची बारशाची वही

आमच्या मोठ्या बाईंनी जितक्या बारशांच्या घुगऱ्या खाल्ल्या, तितक्या जोगेश्वरीत दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील. नात्यातलं बारसं असो वा नसो, आमंत्रण असो वा नसो, गुंफांच्या मागच्या डोंगरावर कुणाच्या घरी पाळणा बांधला गेल्याचं कळलं की संध्याकाळी मोठ्या बाई तिथे हजर. हातात लोकरीचं टोपडं, काखेत काळी पर्स आणि पर्समध्ये लाल पुठ्ठ्याची वही. बाळाच्या डोक्यात टोपडं घालायचं, घुगऱ्या तोंडात टाकायच्या आणि वही उघडून विचारायचं, "नाव काय ठेवलंत? जन्मतारीख नीट सांगा हं, अंदाजपंचे नको."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या पालिकेच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका हा शब्द फक्त रबरी शिक्क्यावर होता, एरवी मुलांना, आईबापांना आणि आम्हा शिक्षिकांना त्या मोठ्या बाईच. उंचीने मात्र पाच फूट जेमतेम. तळमजल्यावर आम्ही, वर गुजराती शाळा, दुपारी सगळी इमारत हिंदीवाल्यांची, अशी आमची भाडेकरूंसारखी बिऱ्हाडं होती. त्यात बाईंचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची तिरकी खोली. उंच माणसाला तिथे वाकावं लागे. विभागाचे साहेब तपासणीला आले की त्यांनाही. "खुर्चीपुढे नाही, निदान जिन्यापुढे तरी वाकतात," असं बाई ते गेल्यावर म्हणत.

वहीचं कारण होतं एक जून. तुम्ही माझ्या पिढीचे असाल तर तुमच्याही घरात एक जूनला जन्मलेला एखादा काका असेल. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख विचारली की तो म्हणे, "गौरी गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." कुठल्या सालच्या गौरी ते त्यालाही ठाऊक नसे. मग मास्तर सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहून मोकळे होत. मोठ्या बाई पहिल्यांदा शाळेत लागल्या तेव्हा त्यांना जो वर्ग मिळाला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी होता. "देवाच्या घरी काय एकच दिवस बाळंतपणाचा वॉर्ड उघडतो?" त्या म्हणत. त्या वर्षीच त्यांनी वही सुरू केली.

पण वहीचा दुसरा उपयोग हळूहळू कळला. आज पाळण्यात असलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीत बसणार. म्हणजे पुढच्या सहा वर्षांचा पट बाईंच्या पर्समध्ये असे. आमच्या शाळेचं सगळं त्या पटावर चाले. पट भरला तर तुकडी, तुकडी असेल तर शिक्षक, शिक्षक असेल तर खडू, फळा, पाट्या. पट घसरला की तुकडी बंद आणि शेवटी लागलेला शिक्षक 'जादा' ठरून दुसऱ्या शाळेत रवाना. शेवटी लागलेली मी होते. माझ्यामागून सात वर्षांत कुणी आलंच नाही, त्यामुळे दर जुलैत मी वर्गातली डोकी पुन्हा पुन्हा मोजत बसे.

आणि टोपडी? ती वॉर्ड ऑफिसात विणली जात. आमच्या शाळेला सगळं मिळे, पण उशिरा मिळे. वह्या दिवाळीला, गणवेश संक्रांतीला, तेही सगळे एकाच मापाचे. बाई पहिलं पत्र पाठवत, मग स्मरणपत्र पाठवत, आणि तिसऱ्या वेळी पत्र न पाठवता स्वतः जात. कारकुनाच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचं, पर्समधून सुई आणि लोकर काढायची आणि विणायला लागायचं. भांडण नाही, तक्रार नाही. जेवायच्या सुट्टीत डबाही तिथेच खात. एकदा तो कारकून वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही घरी जा ना. वह्या आल्या की पाठवतो." बाई म्हणाल्या, "घाई नाही हो. तुम्ही जितका उशीर कराल तितकी टोपडी होतील. मला हवीच आहेत." दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. डोंगरावरच्या कैक पोरांच्या डोक्यावरची ऊब ही पालिकेच्या दिरंगाईची देणगी होती.

बाई मूळच्या मालवणकडच्या. बोलणं शुद्ध, पण राग आला किंवा माया आली की मालवणी बाहेर पडे. गैरहजर पोराच्या दारात उभ्या राहून "काय रे मेल्या, खंय होतंस?" असा आवाज दिला की आख्खी आळी गप्प होई. घरात फक्त पोरगं असलं तर "आवशीक सांग, बाई येवन गेली" एवढा निरोप पुरे. दुसऱ्या दिवशी आई पोराचा कान धरून शाळेत.

शिकवण्याच्या बाबतीत त्यांची कसोटी एकच होती, पुडीचा कागद. शनिवारी सकाळी त्या चौथीच्या वर्गात येत आणि वाण्याकडून आलेले पुड्यांचे कागद वाटत. कशावर अर्धी बातमी, कशावर लॉटरीच्या सोडतीचा निकाल, कशावर सदऱ्यांची जाहिरात. ते मुलांनी मोठ्याने वाचायचं. "पुस्तक पाठ होतं गं, पुडी पाठ होत नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "पुडी वाचली की मूल सुटलं." शिष्यवृत्तीत आमच्या शाळेचं नाव क्वचितच येई. पण पुडी न वाचता आमच्याकडून पाचवीला गेलेलं मूल मला आठवत नाही.

माझी मंजू झाली तेव्हा बाई अंधेरीला आमच्या घरी बारशाला आल्या. पिवळं टोपडं आणलं. माझ्या सासूबाईंच्या देखत वही उघडून त्यांनी मंजूचं नाव आणि तारीख लिहिली, आणि सगळे हसले. मीही हसले. "अगं सुलभा, हसतेस काय? सहा वर्षं बघता बघता जातात," बाई म्हणाल्या.

खरंच गेली. मधल्या काळात गिरण्यांचा संप झाला. डोंगरावरची बरीच माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला जात. काहींना मरोळच्या कारखान्यांत काम मिळालं, बाकीच्यांनी बायकापोरं गावी पाठवली. बाईंच्या वहीत एकामागून एक नावापुढे 'गावी' असा शेरा पडू लागला. त्यातच रस्त्यापलीकडे एका चाळीच्या दोन खोल्यांत इंग्रजी शाळा निघाली. टाय आणि बूट घातलेली पोरं आमच्या फाटकासमोरून जाऊ लागली. संपानंतरच्या दुसऱ्या जूनमध्ये बाईंनी वही मिटून सांगितलं, "सुलभा, पहिलीची ब तुकडी जाते की काय. चल, डोंगर चढू."

आम्ही दोघी रोज शाळा सुटल्यावर छत्र्या घेऊन चढायचो. बाई पुढे, मी मागे. मी तोंडपाठ केलेलं बोलायचे, "पालिकेची शाळा चांगली आहे, पुस्तकं फुकट, शिक्षक प्रशिक्षित आहेत." पोरं मिळत होती. एके दिवशी पार्वती नावाच्या बाईकडे गेलो. तिचा गणेश वहीत होता आणि त्याला तिने टायवाल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा चेडू खंयच्या शाळेत जाता वो बाई?"

मी छत्रीचं पाणी झटकू लागले. मंजू तीन वर्षांपासून अंधेरीच्या इंग्रजी शाळेत होती. नवऱ्याची इच्छा होती, सासूबाईंची होती, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे सर्वांत आधी फॉर्म आणायला रांगेत मी उभी होते.

बाईच मध्ये पडल्या. "माझे दोघेही ह्याच शाळेत शिकले हो. एक आज बँकेत आहे."

"तुमचा नाय, ह्या बाईंचा इचारतंय," पार्वती म्हणाली.

"पाणी दे गो बायो, डोंगर चढून इलंय," बाई म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. पार्वतीने पाणी दिलं, गूळ दिला. गणेश टायवाल्या शाळेत गेला. डोंगर उतरताना मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "खाली शेवाळ आहे, जपून पाय टाक."

जुलैअखेर साहेब पट मोजायला आले. वाकून खोलीत शिरले, दोन्ही तुकड्यांची मुलं एकेक करून मोजली, हजेरीपट ताडून पाहिले. दोन तुकड्यांना एक मूल कमी पडत होतं. एक. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मी जेवून येतो. तासाभरात एखादं नाव सुचतंय का बघा. दाखला मागाहून आला तरी मी अडवणार नाही."

धोंडूमामा शिपाई दारातच उभे होते. ते म्हणाले, "बाई, त्या वरच्या आळीतल्या भिकीला आणतो मी. पाच सरली नाहीत, पण हाडापेराने सहाची दिसते. ठोका एक जून."

बाईंनी वही उघडून पान त्यांच्यापुढे धरलं. "आश्विनातली आहे ही. पावणेपाच वर्षांची. मी घुगऱ्या खाल्ल्यात हिच्या बारशाच्या, धोंडू. माझ्याच हाताने खोटं कसं लिहू?"

"मग सुलभाबाई जातील की हो!"

बाईंनी त्यांना हातानेच जायला खुणावलं. मामा गेले. टेबलावर वही उघडी होती आणि मला ठाऊक होतं, दोन पानं मागे उलटली की मंजूचं नाव आहे. खरी तारीख, सहा वर्षं पुरी, अगदी नियमात बसणारी. मी फक्त 'मंजू' म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझी नोकरी तिथे राहिली असती, तुकडी राहिली असती. तो तास मी खिडकीबाहेर बघत काढला. फी भरलेली आहे, नवरा काय म्हणेल, तिच्या मैत्रिणी, तिचं इंग्रजी, सगळं मनात येऊन गेलं आणि शब्द मात्र आला नाही. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली, पर्समध्ये टाकली आणि सुई-लोकर काढली.

साहेब आले. बाई म्हणाल्या, "एकच तुकडी लिहा साहेब."

महिन्याभरात माझी बदली कांजूरमार्गला झाली. पवईमार्गे बसने दीड तास. निरोपाच्या दिवशी मी मनातून बाईंवर चिडले होते, हे आज सांगायला लाज वाटते. एक जून लिहिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं, असंच माझं म्हणणं होतं. दोष द्यायला मला बाई सोप्या होत्या. त्यांनी फाटकापर्यंत येऊन माझ्या हातात एक कोरी लाल वही ठेवली. "तिकडेही पोरं जन्मतात गं," त्या म्हणाल्या. मी ती पिशवीत कोंबली आणि बस पकडली.

चार वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. समारंभाला मी गेले. हार झाले, भाषणं झाली, गुजराती शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाल दिली. डोंगरावरून इतक्या बायका आल्या होत्या की साहेबांना बसायला खुर्ची उरली नाही. पार्वतीसुद्धा आली होती. शेवटी बाईंनी मला जिन्याखालच्या खोलीत नेलं आणि कपाटातल्या वह्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "दप्तरात ह्यांची नोंद नाही, त्यामुळे नव्या मुख्याध्यापिकेला चार्जमध्ये देता येत नाहीत. तू ने," एवढंच म्हणाल्या. मग गावी घरी गेल्या, आणि तिथेच दोन वर्षांनी वारल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं.

वह्या मी समारंभाच्या रात्रीच उघडल्या होत्या. प्रत्येक नावापुढे बाईंच्या बारीक अक्षरात शेरा होता. 'आला.' 'आली.' 'गावी.' 'दुसरीकडे.' तीन-चार ठिकाणी 'देवाघरी.' गणेशच्या नावापुढे 'दुसरीकडे' होतं. मंजूचं पान सापडायला वेळ लागला नाही. तिच्यापुढेही 'दुसरीकडे' असेल असं मी धरून चालले होते, आणि ते मला चाललं असतं. तसं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'विचारलं नाही.'

मी खूप रडले. बाईंनी ती चूक माझ्या नावावर घातली नव्हती, स्वतःच्या घातली होती.

पुढच्या जूनमध्ये कांजूरच्या वस्तीत पट भरायला निघाले, ती कोरी लाल वही घेऊन. तिसऱ्याच घरात एका पोराच्या आईने कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते बाई?"

"इंग्रजी शाळेत," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत ते बरं केलंत."