पांढऱ्या दरडीवरची हजेरी

सोजरबाईला गावात सगळे पाठीमागं 'हवालदार' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नागपंचमीच्या आधी चार दिवस ती काशाची थाळी घेऊन, लंगडत लंगडत, गावाबाहेरच्या पांढऱ्या मातीच्या दरडीवर जाऊन उभी राहायची. मग तिला विचारल्याशिवाय तिथलं ढेकूळसुद्धा हलायचं नाही. "नाव सांग आदी. संगं कोन आलंय ते सांग. मग घाल कुदळ." नव्या सुनांना हसू यायचं. जुन्या बायका हसत नसत.

आता सोलापूरच्या मुलखात दरड कुठली आली कोसळायला, असं तुम्ही म्हणाल. डोंगर नाही, घाट नाही, वळसंगपर्यंत नुसता सपाट माळ. अहो, पण आमच्याकडची घरं धाब्याची. माळवदावर, म्हणजे सपाट छतावर, पांढरी माती, भिंतीला पांढरी माती, आणि ती आणायची गावाशेजारच्या दरडीतून. वरचा थर दगडासारखा, खालची माती मऊ. म्हणून बायका खालूनच कोरत जायच्या. पिढ्यान् पिढ्या कोरून दरडीच्या पोटात माणूस उभं राहील एवढी पोकळी झालेली, आणि डोक्यावर दोन पुरुष उंचीचा बोजा लोंबतोय. आईनं इथूनच आणली, सासूनं इथूनच आणली, मग भ्यायचं कशाला? असा सगळा कारभार.

सोजरबाईला सख्ख्या मामाच्या घरात दिलेली. सासर आणि माहेर एकाच गल्लीत, मधे चार दारं. बाकीच्या पोरी पंचमीला माहेरी यायच्या तेव्हा आया उंबऱ्यात उभ्या राहून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. सोजरबाईवरून कोण ओवाळणार? ती सकाळीच आईच्या गोठ्यातलं शेण काढून गेलेली असायची. कोडकौतुक म्हणून काही तिच्या वाट्याला आलंच नाही. तिची पंचमी म्हणजे जगदेवी.

जगदेवी शिवप्पाची लेक, सोजरबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिला अक्कलकोटाकडं दिलेली. त्यांच्या घरात कानडी चालायची. एसटीतून उतरली की ती वेशीपासूनच ओरडायची, "सोजरे, बारे!" म्हणजे ये गं लवकर. एवढ्या हाकेसाठी सोजरबाई वर्षभर झुरायची. नवऱ्यासाठी झुरली नसेल एवढी, खरं सांगायचं तर.

बहात्तरच्या दुष्काळापासून पंचमी नावालाच व्हायची. लेकीला आणायचं आणि खायला काय घालायचं? चौऱ्याहत्तरला पाऊस बरा झाला, आणि जगदेवी आली. दोघींना किती बोलू आणि किती नको असं झालेलं. पण घरात गर्दी, सणाची कामं, आणि सोजरबाईला मातीला जायचं होतं.

"तू बी चल की," सोजरबाई म्हणाली. "तासाभरात माघारी येऊ."

"आई वरडंल. माहेरवाशिणीनं मातीला जायचं असतंय व्हय गं?"

"कुनाला कळतंय? मागल्या अंगानं जाऊ."

माहेरवाशिणीला काम सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून दोघी चोरून गेल्या, आणि बाकीच्या बायकांपासून लांब, टोकाच्या पोकळीत शिरल्या. माती कमी आणि बोलणं जास्त. सोजरबाई तोंडाशी बसलेली, जगदेवी आत. जगदेवी सासूची नक्कल करत होती, आणि हसता हसता सोजरबाईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. तेवढ्यात वरचा बोजा खाली आला.

अर्धं गाव फावडी घेऊन धावलं. आत किती बाया होत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मातीला घरटी एकच बाई जायची, म्हणून शिवप्पानं घरं मोजली. सात घरांच्या कुदळी दरडीवर, सातही घरांच्या बाया बाहेर निघाल्या. एकीचा हात मोडला. सोजरबाईच्या पायाचा चुरा झाला होता आणि ती बेशुद्ध होती. शिवप्पाची सून महादेवी धडधाकट निघाली. "आमच्या घरचं मानूस आलं," शिवप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. वरची आनखी पडंल." आणि फावडी थांबली. घरात बायकांना वाटलं, जगदेवी बसली असेल कुठल्या तरी मैत्रिणीकडं.

सोजरबाईला खडीच्या ट्रकमधून सोलापूरच्या दवाखान्यात नेली. दुपार कलल्यावर तिनं डोळे उघडले. उशाशी तिचा नवरा, कोंडीबा.

"जगी कुटं हाय?"

"असंल की तिच्या घरी. तिचं काय आता?"

"घरी न्हाय वो! माझ्या मागं हुती ती. आत हुती!"

कोंडीबा तसाच अनवाणी सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत पळत सुटला. मिळेल त्या गाडीला लोंबकळत गावात पोचला. माणसं पुन्हा दरडीवर धावली. दिवस मावळायच्या आत जगदेवी सापडली. गेली होती. सकाळीच काढली असती तर जगली असती का? डॉक्टरला विचारलं, देवाला विचारलं, कोण सांगणार? तिला आपणच नेली, हे मात्र सोजरबाई कुणीही न विचारता सांगायची.

मग सरकारी माणसं आली. 'खोदकाम मना' असा बोर्ड ठोकून गेली. उन्हाळा सरला, माळवदं गळायची वेळ आली, आणि बाया पुन्हा चोरून मातीला जायला लागल्या. ते कळल्यावर कुबडी टेकत सोजरबाई थेट चावडीत शिरली. बाईमाणूस चावडीत! सरपंच रावजीच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली.

"बोर्ड लावून घर गळायचं थांबतंय व्हय?" ती म्हणाली. "बाया जानारच. मग नीट जाऊ द्या की."

तिनं अंथरुणात पडल्या पडल्या सगळं ठरवून ठेवलं होतं. खालून कोरायचं नाही, वरून पायऱ्या पाडत माती काढायची. एकीनं वर उभं राहून भेगा बघायच्या, भेग दिसली की थाळी वाजवायची. फावडी आणि दोर मारुतीच्या देवळात कायम तयार. डांबरी रस्त्यावर ट्रक अडवायला कोण पळणार, ते आधीच ठरलेलं. माणसांनी मान डोलावली. बाई शहाणी दिसते म्हणाले.

"आन् घरं मोजायची न्हाईत. नावं घ्यायची. आत जाताना बी आन् भाईर येताना बी. माहेरवाशिनीचं बी, पावनीचं बी."

इथं मात्र चावडी बिथरली. घरच्या सुनालेकींची नावं चारचौघांत मोठ्यानं पुकारायची? आमच्याकडं सून म्हणजे अमक्याची सून, तिचं नाव सासऱ्याच्या कानावरसुद्धा पडत नसे. "घरं मोजली की झालं की," रावजी वैतागून म्हणाला. "दिलेल्या लेकी कुटं मोजत बसायच्या?"

कोपऱ्यातून शिवप्पा उठला. वर्षभर तो कुणाशी धड बोलला नव्हता.

"मी घर मोजलं," तो म्हणाला. "पोरगी मोजली न्हाय." मग तो रावजीसमोर जाऊन उभा राहिला. "माज्या सुनंचं नाव महादेवी. लिवा."

त्यापुढं कुणाची काय बिशाद? नावं लिहिली गेली.

तेव्हापासून थाळी सोजरबाईकडं आणि दोर शिवप्पाकडं. दोघं दरडीवर दिवसभर उभे असायचे, बोलायचे क्वचित. पण फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की सोजरबाईचं ध्यान उडायचं. मान तिकडं वळायची. जगदेवी येणार नाही हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी वळायची. शिवप्पा तेवढ्यापुरता भेगा बघायचा.

चार वर्षं काही घडलं नाही. एकोणऐंशीच्या पंचमीआधी घडलं. रात्रभर पाऊस लागून राहिला होता. सकाळी वरच्या पायरीजवळ बोटभर भेग दिसली आणि सोजरबाईनं थाळी बडवली. बाया कुदळी टाकून पळाल्या. मागोमाग दरडीचा एक कोपरा धडाडत खाली आला. हाकेसरशी देवळातून फावडी आली, एक गडी रस्त्याकडं सुटला. सोजरबाईनं नावं पुकारायला सुरुवात केली.

"सोनाबाई!"

"हाय!"

"बजाबाई!"

"हाय!"

"महादेवी!"

"हाय!"

"दुर्गा!"

कुणी बोललं नाही. दुर्गा म्हणजे रावजीची धाकटी लेक, कालच सासरहून आलेली, मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून आलेली. रावजी हातात फावडं घेऊन उभा होता. तो तसाच ढिगाकडं धावला. "उकरा!" शिवप्पा किंचाळला. "थांबायचं न्हाय! कुनी थांबायचं न्हाय!" माणसं मातीवर तुटून पडली. सोजरबाई कुबडी टाकून हातांनी माती उपसायला लागली. नखं फुटली तरी तिला कळेना.

"काय झालं वो?"

सगळ्यांनी माना वळवल्या. ओला पदर पिळत दुर्गा उभी होती. तहान लागली म्हणून विहिरीवर गेलेली, कुणाला न सांगता.

सोजरबाई खुरडत गेली, तिच्या आधारानं उठली आणि तिच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की पोरगी कोलमडली. लगेच तिला कवटाळून धरली. पाच वर्षांत कुणी तिला रडताना बघितलं नव्हतं. आता ती लहान पोरासारखी रडत होती.

"जगे," ती म्हणाली. "कुटं गेलतीस गं? किती वाट बगायची मी?"

"आत्या, मी दुर्गा," पोरगी घाबरून म्हणाली.

रावजी लेकीला सोडवायला पुढं झाला. शिवप्पानं त्याचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे वाईच," तो म्हणाला.