पदरावरचे उलटे हत्ती

ईशान, मीरा,

तुम्ही पाठवलेली लिंक मिळाली. स्पर्धेत ईशानच्या दिव्याच्या डिझाइनला मत द्यायचं आहे आणि शेवटची तारीख रविवार आहे. चित्र सुंदर आहे. पण त्या दिव्याचा बल्ब गेला तर बदलायचा कुठून, हे मला दिसलं नाही. म्हणून मत देण्याआधी हे लिहिते.

तुम्हाला ठाऊक आहे, मी तीस वर्षं साड्यांचे ग्राफ काढले. ग्राफ म्हणजे चौकटींचा कागद. त्यावर नक्षी रंगवायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. कार्डांची माळ मागावर फिरते आणि भोकांप्रमाणे धागे उचलले जातात. निवृत्तीनंतर इथल्या एका कॉलेजनं मला डिझाइन स्पर्धेची परीक्षक केलं. पहिल्या नंबरची साडी खासबागेतल्या विणकर वस्तीतले एक मागमालक विणून घेणार होते. शिवाय जिंकणाऱ्याला त्यांच्या डिझाइन रूममध्ये नोकरी.

ती नोकरी स्पर्धेतल्या सविताला हवी होती. तिचे आप्पा त्याच मालकांच्या मागावर विणकर. तिला पुण्याच्या कॉल सेंटरचं पत्र आलेलं होतं आणि ते तिनं दप्तरात घडी घालून ठेवलं होतं. तिनं साधा काठ काढला होता, शेजारी पूर्ण ग्राफ, कुठला धागा, किती कार्डं, सगळं. आम्हा परीक्षकांचे अध्यक्ष बंगळुरूचे कन्सल्टंट होते. ते म्हणाले, हे होमवर्क वाटतं.

रोहन नावाच्या दुसऱ्या स्पर्धकाचं पोस्टर मात्र दारापासून दिसत होतं. भिंतीवर उभी साडी, पदर वर, निऱ्या खाली आणि पदरावर नऊ हत्तींची रांग. खाली इंग्रजीत पाऊण पान मजकूर. त्यात 'डायलॉग' हा शब्द चार वेळा होता, काठाचा उल्लेख एकदाही नाही.

मी म्हटलं, "पदर खांद्यावरून पाठीवर पडला की हे हत्ती उलटे होतील."

"मॅडम, ते प्रॉडक्शनवाले बघतील. आपण व्हिजन बघू," अध्यक्ष म्हणाले.

प्रॉडक्शनवाली मीच होते. पण सत्काराची शाल आधीच माझ्या खांद्यावर पडली होती. मी मार्कांच्या कागदावर सही केली आणि पहिला नंबर रोहनला गेला. हे तुमच्या आईला मी सांगितलेलं नाही.

साडी विणायला सविताच्याच आप्पांकडे गेली. पहिला हत्ती मागावर उतरला तेव्हाच तो उलटा पडणार हे त्यांना कळलं. ते मालकांकडे गेले. मालक म्हणाले, बक्षिसाचं डिझाइन आहे, हात लावायचा नाही. आप्पांनी हात लावला नाही.

बक्षीस समारंभात त्या साडीची घडी मालकांच्या पत्नीनं मोडली. म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसायचा मान त्यांचा. दीपप्रज्वलनाला त्या स्टेजवर गेल्या आणि समईकडे वळल्या. समईकडे तोंड म्हणजे हॉलकडे पाठ. नऊच्या नऊ हत्ती चारी पाय वर करून त्यांच्या पाठीवर पडलेले होते.

मागून सविताच्या आईचा आवाज आला, "हत्तींस्नी काय झालंय गं? समदी आडवी का पडल्यात?"

मग मागच्या चार रांगा हसल्या. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की या उलटेपणात एक भाष्य आहे. मालकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागावर त्याच डिझाइनच्या अजून अकरा साड्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेला होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला मागावर बोलावलं. दुरुस्तीसाठी रोहनला आधीच फोन करून झाला होता. त्याला बंगळुरूच्या एका ॲप कंपनीत जागा मिळाली होती, इथे त्याला ग्रोथ दिसत नव्हती. नवी कार्डं पाडायला आठवडा लागेल, असं मी म्हटलं. सविता आप्पांचा डबा घेऊन आली होती. ती मागापाशी उभी राहून कार्डांच्या माळेकडे बघत होती.

"आप्पा, धागा तुटला की तुम्ही माळ मागं फिरवताय न्हवं?"

"व्हय. चूक सापडंस्तवर."

"मग हत्तींपुरती मागनंच चालवली तर?"

आप्पांनी माळेचं शेवटचं कार्ड बोटानं उचलून पाहिलं. "चालंल की. शेवटचं कार्ड पैलं. पाय आधी विणायचं, डोस्कं मागनं."

मला हे सुचायला हवं होतं. तीस वर्षं मी कागदाच्या बाजूनं बघत आले, माळ मागं फिरवणारे हात कधी पाहिले नव्हते. संध्याकाळपर्यंत पहिला हत्ती पायांवर उभा राहिला. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सविताकडे बघत म्हणाले, "हिला बक्षीस न्हाय मिळालं न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "मीच दिलं नाही."

सोमवारपासून सविता डिझाइन रूममध्ये बसू लागली. पुण्याचं पत्र तिनं ग्राफखाली टेकू म्हणून वापरलं. साडीच्या लेबलवर मात्र नाव रोहनचं, कारण लेबलं आधीच छापून झाली होती.

ईशान, स्पर्धेत डिझाइन भिंतीवर टांगतात. नोकरीत ते कुणीतरी नेसतं. बल्बचं तेवढं कळव, मग मत देते.

कॉलेजनं ती स्पर्धा पुढे चालवली नाही. रोहननं त्यानंतर दोन कंपन्या बदलल्या. सविता त्याच खुर्चीवर आहे आणि ती हत्तींची माळ खासबागेत अजून उलटीच चालते.