मिशीवाली सवत

इस्त्रीवालीच्या नाकावर राग कायमचा बसलेला असे, पण तो कधी कुणाच्या अंगावर गेला नाही. दिवसभर तापलेली इस्त्री हातात धरणाऱ्या बाईला रागावर ताबा ठेवावाच लागतो, नाहीतर गिऱ्हाइकांचे शर्ट जळतात. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. बायकोशी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. माणूस मुळातच अबोल, असं ती वीस वर्षं धरून चालली होती.

मग घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाने काचेच्या टाकीसकट स्टर्जन माशाचं पिल्लू त्याच्या गळ्यात मारलं. वीतभर लांब, पाठीवर हाडांची रांग, टोकदार नाक आणि नाकाखाली चार मिशा. आणि तेव्हा इस्त्रीवालीच्या डोक्यात उजेड पडला, की या माणसाला बोलता येतं.

"आज सुस्त का रे? कामावर काय झालं सांगू?" काचेला नाक लावून त्याच्या गप्पा चालत. माशाला धड दिसत नाही, तो मिशांनी चाचपडत खातो, म्हणून हा बाही वर करून दाणे थेट त्याच्या तोंडाखाली नेऊन ठेवायचा. पाणी गार हवं, म्हणून जुन्या फ्रिजचं मशीन त्याने टाकीला जोडलं. त्याच खोलीत बायको वाफेत उभी राहून घामाने निथळत होती. तिच्या अंगाचा तिळपापड होई.

"घरात सवत आणलीय गं तुझ्या नवऱ्याने," शेजारची शिंपीण म्हणाली.

"सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या," इस्त्रीवाली म्हणाली. "हिला नुसत्याच मिशा."

दोघी पोट धरून हसल्या. शिंपीण गेल्यावरही इस्त्रीवालीच्या पोटात दुखतच राहिलं.

घरच्या वायरिंगला इस्त्री आणि ते मशीन एकदम झेपत नसे, फ्यूज उडायचा. म्हणून नवऱ्याचा नियम होता: मशीन घुरघुरायला लागलं, की इस्त्री बंद. ऊन तापलं तसं मशीन थांबेना आणि कपड्यांचे ढीग वाढत गेले. एका दुपारी नवरा कामाला बाहेर पडला आणि तिने मशीनची पिन सरळ उपटली. मग इस्त्री अशी फिरवली, की चादरींना सुरकुती आठवू नये.

ढीग संपल्यावर तिने टाकीकडे पाहिलं. मासा एका कुशीवर कलंडला होता आणि तोंड उघडझाप करत होता. बरं झालं, हा तिचा पहिला विचार. दुसरा विचार आला तशी तिचं धाबं दणाणलं. इस्त्री काढून तिने मशीन लावलं, फ्रीजरमधल्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून टाकीत सोडल्या आणि कोपरापर्यंत हात घालून माशाला सरळ धरून बसली.

"श्वास घे रे मेल्या," ती म्हणत होती.

नवरा आला तेव्हा मासा तळाशी हळूहळू फिरत होता. त्याने बाटल्या पाहिल्या, घडी घातलेल्या चादरी पाहिल्या.

"मशीन तू बंद केलंस?"

"केलं."

"मग वाचवलंस कशाला?"

"मेला असता तर तुम्ही जन्मभर त्याच्याच आठवणी काढत बसला असता. जित्या सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीशी कसं भांडू?"

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो स्टूल ओढून तिच्या टेबलापाशी बसला आणि बराच वेळ एक चादर उगाच सारखी करत राहिला.

"तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याला काहीही बोललं तरी चालतं."

"मलाही चाललं असतं," ती म्हणाली. "वीस वर्षं."